खांबाआधी गुरुजी

रत्नागिरीच्या कुठल्याही आगरात नारळ पाडायला आलेला पाडेली बघावा. पावलांना दोरीचा वेढा, कमरेला कोयता, आणि बघता बघता तो माडाच्या शेंड्याला पोचलेला असतो. हात नुसते वरची जागा धरतात; अंगाचा भार पेलतात ती पावलं. पायानेही पकडता येतं, हे कोकणातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. मल्लखांब याच एका गोष्टीवर उभा आहे. फरक असा की मल्लखांबपटू डोकं खाली करतो, हात सोडून देतो आणि मांडी, पोटरी, काख, नाहीतर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट एवढ्याच्या आधारावर हवेत थांबतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये, १६ आणि १७ तारखेला, मुंबईच्या शिवाजी पार्कवर या विद्येची पहिली जागतिक स्पर्धा झाली. १५ देशांतून शंभरावर खेळाडू आले. अमेरिकेचे होते, जर्मनीचे होते, जपानचे होते. सांघिक विजेतेपद भारताने घेतलं, आणि त्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटावं असं होतं ते दुसरंच. ज्यांच्या गावात सागवान उगवत नाही, ज्यांच्या आजोबांनी मारुतीचं देऊळ पाहिलेलं नाही, अशी माणसं खांबाला एरंडेल चोळून, हाताला राळ लावून, आधी खांबाला हात टेकवून नमस्कार करत होती. हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. कुणी, कसं आणि किती वर्षं खपून, हा या लेखाचा विषय आहे.

अशा प्रवासाचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण कराटेचं. ओकिनावा बेटावरची ही विद्या गिचिन फुनाकोशी या शाळामास्तरांनी १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक करून दाखवली आणि मग ते तिथेच शिकवत राहिले. पुढे त्यांच्या शिष्यांनी १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन काढली. या संस्थेने नुसते खेळाडू घडवले नाहीत, शिक्षक घडवण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रमच सुरू केला. त्यातून तयार झालेली तरुण मंडळी १९६० च्या दशकात एकेका देशात जाऊन राहिली. ओकाझाकी फिलाडेल्फियाला, निशियामा लॉस एंजेलिसला, कानाझावा आधी हवाईला आणि नंतर इंग्लंडला, एनोएदा लिव्हरपूलला. भाषा धड येत नव्हती आणि शिकवायला मिळे ते भाड्याचे हॉल. तरी ते राहिले. आज युरोपातलं पोरही कराटेच्या वर्गात आकडे मोजतं ते 'इची, नी, सान' असेच.

कराटेच्या या यशात तीन गोष्टी होत्या. शिक्षक परदेशात जाऊन राहिला, विद्येचे पाठ पाडलेले होते, आणि मूळ भाषेतली नावं टाकून दिली गेली नाहीत. मल्लखांबाची गोष्ट याच तीन फूटपट्ट्यांवर मोजून पाहायला हवी.

मल्लखांबाचं मूळ जुनं आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या सरावात खांबावरच्या श्रमाचा उल्लेख सापडतो. मात्र आजचा मल्लखांब ज्या परंपरेतून आला, तिची सुरुवात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात होते. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी : निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचं आव्हान दिलं. कुणी पुढे येईना. नाशिककडच्या कोठुरे गावचा बाळंभट देवधर हा तरुण उभा राहिला आणि त्याने तयारीसाठी मुदत मागितली. वणीच्या सप्तशृंगी गडावर त्याने उपासना केली. तिथे त्याला मारुतीच्या कृपेने, माकडाच्या हालचालींतून, लाकडी खांबावर अंग घडवायची युक्ती सुचली. परत येऊन त्याने गुलाबला पाडलं आणि अलीने लढत सोडली.

कथेत भक्ती किती आणि घटना किती, हे वेगळं काढण्याचा हट्ट करण्यात अर्थ नाही. पण तिच्यात एक नीट पाहण्यासारखी जागा आहे. बाळंभटाने जोडीदार शोधला नाही, खांब शोधला. कुस्तीतला कस, पेच आणि पकड एकट्याने, कितीही वेळा घोटता येईल असं साधन त्याने उभं केलं. एकट्याला घोटता येणारी विद्या सोबत घेऊन फिरता येते. पुढच्या सगळ्या प्रवासाची सोय तिथेच झाली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेले, आणि बाळंभटदादाही उत्तरेकडे गेले. काशीत आखाडा उभा राहिला. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे, नारायणगुरू देवधर अशी नावं या परंपरेत घेतली जातात. देवधर, गोडबोले, मोघे ही आडनावं रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकाला शेजारच्या वाडीतली वाटतील. काशीहून ही विद्या बडोद्याला आली. तिथे जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात ती वाढली, आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी तिला समाजाच्या कामाला लावलं. कवायतीचे हुकूम इंग्रजीत का, असा प्रश्न करून त्यांनी आपल्या भाषेतले हुकूम घडवले. पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद हे तरुणपणी याच माणिकरावांकडे शिकले.

मल्लखांबाचा पहिला परदेश म्हणजे उत्तर हिंदुस्थान आणि गुजरात, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. भाषा वेगळी, अन्न वेगळं, आश्रय गेलेला. तरीही विद्या टिकली ती एका गुरूच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात उतरून. कागदावर फारसं काही नव्हतं. कागदाचं काम बडोद्यातच झालं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' हा मराठी कोश १९३६ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केला. १९४९ पर्यंत दहा खंड झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचा इंग्रजी संक्षेप निघाला. छायाचित्रांसह एकेक पकड समजावणारं हे काम आज फार थोड्यांच्या घरात असेल. महाराष्ट्राने ते पुन्हा छापून शाळाशाळांत पोचवायला हवं होतं. ते झालेलं नाही, याची खंत वाटते.

कोशाचा पहिला खंड निघाला त्याच वर्षी, १९३६ मध्ये, मल्लखांब पहिल्यांदा मोठ्या परदेशी गर्दीसमोर गेला. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलं होतं. त्या मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवायला गेलं. मल्लखांब होता, कबड्डी होती. लोकांनी दाद दिली, मंडळाचा सन्मान झाला, आणि अमरावतीत त्या दौऱ्याची आठवण आजही अभिमानाने काढली जाते. अभिमान रास्तच आहे. पारतंत्र्यातल्या देशाच्या एका जिल्ह्याच्या गावातली पोरं जगापुढे उभी राहिली होती.

पण पथक परतलं तेव्हा जर्मनीत एकही खांब मागे राहिला नाही. राहणार तरी कसा? प्रात्यक्षिक पाहून माणूस थक्क होतो, शिकत नाही. मल्लखांबाचं तर विशेषच. दीड मिनिटात खेळाडू वीस गोष्टी करतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, हे आपलं काम नव्हे. खांबावरची पहिली उडी, पहिली अढी म्हणजे पायांची पकड, घसरणं, मांडीची साल निघणं, पुन्हा चढणं, यातलं काही स्टेडियमच्या पायरीवरून दिसत नाही. ते दाखवायला शिक्षक समोर लागतो, आणि तोही आठवडाभर नव्हे, काही वर्षं. कराटेची माणसं फिलाडेल्फियाला जाऊन राहिली ती पंचवीस वर्षांनी. आपलं पथक त्यांच्या कितीतरी आधी गेलं, पण ते परतीचं तिकीट घेऊन गेलं होतं.

मधली वर्षं घर सावरण्यात गेली. स्वातंत्र्यानंतर जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या आधाराने मल्लखांबाला थोडी जागा मिळाली. स्वतःचं घर मिळालं १९८१ मध्ये : भारतीय मल्लखांब महासंघ उभा राहिला आणि जानेवारीअखेर उज्जैनला अखिल भारतीय स्पर्धा भरली. नियम लिहिले गेले. खांबाची उंची, घेर, वर निमुळतं होत जाणारं अंग, त्यावर मान आणि सगळ्यांत वर बोंड, यांची मापं ठरली. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे तीन प्रकार स्पर्धेसाठी पक्के झाले. गुण कशाला द्यायचे, कशाला कापायचे, हे पंचांच्या मर्जीवर उरलं नाही.

हा भाग वाचायला कोरडा वाटेल, पण प्रवासाच्या दृष्टीने हाच मोलाचा. प्रत्येक आखाड्याचा खांब वेगळ्या जाडीचा, प्रत्येक गुरूची नावं निराळी, असं असेल तोवर विद्या त्या गुरूच्या अंगणापलीकडे जात नाही. न्यू जर्सीतल्या सुताराला खांब घडवायचा असेल तर त्याला आकडे लागतात. जपानी मुलीला घरी सराव करायचा असेल तर 'पुढची पायरी कोणती' याचं उत्तर लागतं. नियम झाले तशी मान्यताही आली : मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला. ज्या राज्यात महाराष्ट्राची विद्या पाहुणी म्हणून गेली होती, त्याने तिला घरची मानलं, हे मोठ्या मनाचं लक्षण.

आता शिवाजी पार्क. समुद्राच्या बाजूला श्री समर्थ व्यायाम मंदिराचं मैदान आहे. व्यायाममहर्षी प. ल. काळे गुरुजींनी १९२५ मध्ये सुरू केलेली ही संस्था. संध्याकाळी तिथे गेलं की चार-पाच वर्षांच्या पोरांपासून आजीच्या वयाच्या बाईपर्यंत सगळे रांगेत दिसतात. कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या किती पिढ्यांनी आपली मुलं दादर-परळच्या अशा व्यायामशाळांत धाडली, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण गिरणगावाची अंगकाठी इथेच घडली हे खरं. याच मैदानात वाढलेले आणि इथेच आयुष्यभर शिकवत राहिलेले उदय देशपांडे हे मल्लखांबाच्या परदेशगमनातलं मध्यवर्ती नाव.

देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या वेळी सरकारने दिलेल्या माहितीत ५० देशांतल्या ५,००० हून अधिक लोकांना त्यांनी प्रत्यक्ष शिकवल्याचा उल्लेख आहे. आकडा मोठा आहे, पण त्यामागची रीत अधिक महत्त्वाची. त्यांनी दोन्ही दिशांनी काम केलं. परदेशात जाऊन शिबिरं घेतली, आणि परदेशी विद्यार्थ्यांना शिवाजी पार्कवर बोलावून मुंबईच्या पोरांच्या रांगेत उभं केलं. ही दुसरी गोष्ट सोपी वाटते, पण सगळं तिच्यात आहे. योगशिक्षक म्हणून आपल्या देशात नाव कमावलेली तीस-पस्तिशीची बाई इथे येते आणि सात वर्षांच्या मुलाच्या मागे उभी राहून त्याच्याकडून दोरीची आंटी कशी घालायची ते बघते. आपण नवशिके आहोत हे अंगाला कळतं. परत जाताना ती नुसते प्रकार घेऊन जात नाही, वर्ग कसा चालतो ते घेऊन जाते : कुणी गादी सरकवायची, कुणी खाली उभं राहून सांभाळायचं, मोठ्याने लहानाला कसं वर द्यायचं.

शिक्षक म्हणून त्यांचा कस मात्र परदेशी पाहुण्यांपेक्षा दुसरीकडे जास्त लागला असं वाटतं. दादरच्या कमला मेहता अंध शाळेतल्या मुलींना समर्थमध्ये मल्लखांब शिकवला गेला. ज्या मुलीने दोरी पाहिलेली नाही, तिला पाच-सहा मीटर उंचीच्या दोरीवर उलटं व्हायला शिकवायचं तर 'असं कर' म्हणून करून दाखवण्याचा मार्गच बंद होतो. प्रत्येक हालचाल शब्दांत आणि स्पर्शात सांगावी लागते : डावा अंगठा कुठे, दोरी मांडीच्या आतून की बाहेरून, भार केव्हा सोडायचा. हे ज्याला जमलं, त्याला मराठीचं अक्षर न कळणाऱ्या विद्यार्थ्याला शिकवणं कठीण राहत नाही. अनाथ मुलं, आदिवासी पाड्यांवरची मुलं, दिव्यांग यांच्यापर्यंत मल्लखांब नेण्याचं काम आणि परदेशात तो नेण्याचं काम ही दोन वेगळी खाती नाहीत. शिकवण्याची एकच कला दोन्हीकडे कामी आली.

दोरीचा इथे वेगळा विचार करायला हवा. पूर्वी दोरीच्या जागी वेत असे. चांगला वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली. मुलींसाठी मल्लखांबाचं दार मुख्यतः या दोरीने उघडलं. अर्जुन पुरस्काराची पहिली मल्लखांबपटू हिमानी परब (२०२१) हीसुद्धा समर्थच्याच अंगणातली. परदेशात दोरीने आणखी एक मोठं काम केलं. पुरलेल्या खांबाला सागवान किंवा शिसव हवं, जमिनीत खड्डा हवा, निदान जड लोखंडी बैठक हवी. भाड्याच्या हॉलमध्ये यातलं काय करणार? दोरी पिशवीत मावते आणि छताच्या तुळईला टांगता येते. सर्कशीतल्या, नृत्यातल्या, योगवर्गातल्या परदेशी मंडळींना हवेतल्या कापडावर नाहीतर दोरावर काम करायची सवय असते, त्यामुळे दोरीचा मल्लखांब त्यांना ओळखीच्या वाटेवर भेटला.

खांबाची वाट अधिक खडतर. अंगाची कातडी थेट लाकडाला लागल्याशिवाय पकड बसत नाही, म्हणून कपडे कमीत कमी. थंड मुलखात उघड्या अंगाने सराव करायचा तर हॉल तापवावा लागतो. एरंडेल कमी पडलं तर साल निघते, जास्त झालं तर हात सुटतो. विम्याचे कागद, पालकांच्या संमतीचे कागद, जमिनीवरच्या गाद्यांची जाडी, हे सगळं अमेरिकेतल्या शिक्षकाला आधी उरकावं लागतं. आपल्याकडे गुरुजींचा शब्द पुरतो, तिथे पुरत नाही.

तरी खांब पोचला. न्यू जर्सीत चिन्मय पाटणकर यांनी मल्लखांब फेडरेशन यूएसए उभी केली. नोकरीधंद्यासाठी गेलेला मराठी तरुण सोबत काय नेतो? गणपती नेतो, पुरणपोळीचं पीठ नेतो, लेझीम-ढोल नेतो. पाटणकरांनी खांब नेला, आणि तो शोकेसमध्ये न ठेवता त्यावर पोरं चढवली. आधी मराठी आणि भारतीय घरांतली मुलं, मग शेजारची. २०१९ च्या शिवाजी पार्कवरच्या स्पर्धेला अमेरिकेचा संघ उतरला तेव्हा त्यामागे ही कैक वर्षांची खटपट होती. कराटेशी तुलना केली तर हीच ती जागा, जिथे मल्लखांबाचा माणूस पहिल्यांदा परतीच्या तिकिटाशिवाय गेला.

जर्मनीची कथा वेगळ्या वळणाची. तिथे शिकवणारी माणसं मराठी नव्हतीच. तिथल्या योगशिक्षिका मुंबईला येऊन शिकल्या आणि परत जाऊन त्यांनी आपल्या भाषेत वर्ग सुरू केले. २०१९ च्या स्पर्धेत उतरलेल्या रूथ आन्झेनबर्गर या त्यांच्यातल्या एक. अमरावतीचं पथक ज्या देशातून खांब न पुरता परतलं होतं, त्या देशात ऐंशीएक वर्षांनी खांब उभा राहिला, आणि तो उभा करायला जर्मन हात होते. कुठलीही विद्या परक्या मातीत खरी रुजली असं केव्हा म्हणायचं, याची ही चांगली खूण आहे. शिक्षक तिथला झाला की विद्या तिथली झाली.

पुण्याने हे एकदा पाहिलेलं आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात योग शिकवायला आले. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली आणि दोन वर्षांनी अय्यंगार युरोपात गेले. १९६६ मध्ये त्यांचं योगासनांवरचं इंग्रजी पुस्तक आलं, १९७५ मध्ये पुण्यात संस्था उभी राहिली, आणि परीक्षा घेऊन शिक्षकांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत बसली. आज ब्रिटनमधला शिक्षकही आसनाचं नाव संस्कृतातच घेतो. ब्राझीलच्या कापोएरा या लढाऊ खेळाचंही तेच. मेस्त्रे बिंबा यांनी १९३० च्या दशकात साल्वादोरला त्याची शाळा काढली, आणि आज न्यूयॉर्कमध्ये शिकणारी पोरंसुद्धा त्याची गाणी पोर्तुगीजमध्ये म्हणतात.

मल्लखांबाची भाषा मराठी आहे. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारा, वेल, सुईदोरा, ताजवा, झाप. या शब्दांत शिकवण लपलेली आहे. 'वेल' म्हटलं की अंग खांबाला कसं वेढत वर जायचं ते कळतं. 'सुईदोरा' म्हटलं की हातांच्या कमानीतून शरीर ओवून काढायचं हे डोळ्यांपुढे येतं. 'ताजवा' म्हटलं की बोंडावर तोल सांभाळणारा देह दिसतो. हे शब्द इंग्रजीत आणून सोपे केले की शिकवण्याचा अर्धा जोर जातो. परदेशी विद्यार्थी जड उच्चार करत 'बगली' म्हणतो तेव्हा त्याला हसू नये. त्याने कष्टाने आपला शब्द उचलला आहे. इथे एक काळजी मात्र वाटते. जागतिक स्पर्धेचे नियम इंग्रजीत लिहिले जातात, आणि प्रकारांना क्रमांक देऊन मोकळं होण्याचा मोह पंचांना पडू शकतो. संघटनेने हा मोह आत्ताच आवरायला हवा.

देशातल्या देशातही मल्लखांब अजून प्रवास करतोच आहे, आणि तिथेही गोष्ट एकेका शिक्षकाचीच आहे. तामिळनाडूत विलुप्पुरमकडे तो 'मल्लर कंबम' या नावाने रुजला. छत्तीसगडच्या नारायणपूरला, अबूझमाडच्या रानात, पोलीस दलातल्या मनोज प्रसाद यांनी आदिवासी मुलांना शिकवलं. जिथे बंदुकीच्या बातम्या येत, तिथून आलेली ही पोरं २०२३ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' या दूरचित्रवाणी स्पर्धेत विजेती ठरली. झाडावर चढणं त्यांच्या अंगातच होतं; त्याला शिस्त आणि क्रम लावणारा माणूस मिळाला. पाडेल्यांच्या कोकणाने या उदाहरणाकडे बारकाईने पाहावं.

सरकारी मान्यता उशिरा आली, पण आली. २०२० मध्ये उज्जैनचे योगेश मालवीय आणि २०२३ मध्ये मुंबईचे गणेश देवरुखकर यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाले. हिमानी परबनंतर २०२२ चा अर्जुन पुरस्कार सागर ओव्हाळकरला. खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांब आला, आणि २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेतही. खेळाडूंइतकाच मान प्रशिक्षकांना मिळाला, हे या खेळाच्या स्वभावाला धरून झालं.

परदेशात मल्लखांबासमोर एक प्रश्न वारंवार येतो : धातूच्या खांबावरचा 'पोल' आणि हा एकच का? गेल्या वीसएक वर्षांत पोलचाही क्रीडाप्रकार झाला, त्याच्या संघटना झाल्या, आणि त्यातल्या अनेकांना मल्लखांबाविषयी मनापासून कुतूहल आहे. काही मराठी मंडळींना ही तुलना टोचते. टोचण्याचं कारण नाही. धातूच्या खांबावर फिरता येतं, घसरता येतं. लाकडी खांब फिरत नाही, तो तुम्हाला फिरायला लावतो. जाडी वेगळी, पकड वेगळी, हेतू वेगळा. मल्लाच्या मांड्या, कंबर, खांदे आणि दम कमावण्यासाठी मल्लखांब जन्मला. शेजारच्या विद्येचा विद्यार्थी कुतूहलाने आला तर त्याला पहिल्या दिवशी नमस्कार आणि अढी शिकवावी, म्हणजे फरक त्याच्या अंगालाच कळेल.

दुसरी जागतिक स्पर्धा मे २०२३ मध्ये भूतानला झाली. स्पर्धा मुंबईबाहेर, देशाबाहेर गेली, ही चांगली गोष्ट. ऑलिंपिकचं नाव मल्लखांबाच्या मंडळींच्या तोंडी नेहमी असतं. ते स्वप्न बघावं, पण त्याच्या नादात घाई नको. ऑलिंपिकला लागतात देश, आणि देश कागदावर झटपट जमवता येतात. दहा दिवसांचं शिबिर घेऊन एका देशाची संघटना नोंदवली आणि शिबिर संपल्यावर खांब गोदामात गेला, तर ती भर पोकळ ठरेल. कराटेसारख्या जगभर पसरलेल्या खेळालाही ऑलिंपिकचं दार उघडलं ते टोकियोच्या एका स्पर्धेपुरतं, २०२१ मध्ये. पुढच्या पॅरिसमध्ये तो नव्हता. तरी जगभरातले कराटेचे वर्ग दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला भरले, कारण ते ऑलिंपिकवर उभे नव्हते.

पैशाचा प्रश्न राहतोच. आपल्याकडे मल्लखांब शिकवणं हे बहुतेकांसाठी नोकरी सांभाळून, संध्याकाळचे दोन तास देऊन करायचं काम आहे. परदेशात कराटेचा शिक्षक फीवर घर चालवतो, योगाचा शिक्षकही चालवतो. मल्लखांबाच्या शिक्षकाला ते जमलेलं नाही. हौसेवर एक पिढी निघते, दुसरी निघेलच असं नाही. न्यू जर्सीत खांबावर चढलेली मराठी घरातली मुलं कॉलेजला जातील, गावं बदलतील. त्यांच्यातल्या दोघांनी तरी नव्या गावात खांब उभा करायचा तर त्यांना शिकवण्याचं प्रमाणपत्र, थोडं मानधन आणि दरवर्षी शिवाजी पार्कला येऊन महिनाभर राहण्याची सोय मिळायला हवी. जपान कराटे असोसिएशनने शिक्षकांचा अभ्यासक्रम आधी केला आणि माणसं नंतर धाडली. विश्व मल्लखांब महासंघाला तसा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम महाराष्ट्रात काढता येईल. जागा मुंबईतच हवी असंही नाही.

रत्नागिरीत तो निघाला तर? टिळकांचं जन्मगाव हे. याच टिळकांनी कॉलेजातलं पहिलं वर्ष पुस्तकं बाजूला ठेवून तालमीला दिलं होतं, हे मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. आता रेल्वे दाराशी आहे, समुद्र आहे, सागाची लागवड आहे, आणि माडावर सरसर चढणारी पोरं अजून उरलेली आहेत. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात खांबावर न चढवता आगरात नेऊन पाडेल्याचे पाय दाखवावेत. पावलाचा तळवा खोडावर कसा बसतो, टाच कुठे वळते आणि भार हातावर न येता पायावर कसा राहतो, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळेल. अढी त्यानंतर शिकवायची.